रुगर मार्क २ : रिकामी पुंगळी चेंबरमध्येच अडकून राहते

खालचा खण

पिस्तूल रुगर मार्क २, .२२ लाँग रायफल, साडेपाच इंची जाड नळी. बऱ्याच हातांतून गेलेलं. दोष असा की ५० फैरींमागे तीन-चार वेळा पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) बाहेरच येत नाही. गोळी सुटते, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता ठोकळा) मागे जाऊन परत येतो, पण रिकामी पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, जशीच्या तशी बसलेली असते आणि मॅगझीनमधल्या पुढच्या काडतुसाचं नाक तिच्या बुडावर जाऊन आदळतं. शिवाय ५० मागे एक-दोन काडतुसं पेटत नाहीत. तेच काडतूस जरा फिरवून परत घातलं की पेटतं.

काडतुसं ४० ग्रेनची, स्टँडर्ड व्हेलॉसिटी आणि हाय व्हेलॉसिटी अशी दोन्ही वापरून पाहिली, फरक नाही. नळी आणि बोल्ट साफ आहेत.

मागवायच्या यादीत सध्या: जास्त ताकदीची रिकॉइल स्प्रिंग, नवा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी धरणारी नखी), नवी फायरिंग पिन (काडतुसावर आपटून ते पेटवणारी), एक नवं मॅगझीन. यातलं खरंच काय लागेल? आगाऊ धन्यवाद.

झटपट

एक्स्ट्रॅक्टर, डोळे झाकून. नखी झिजली की पुंगळी मागे राहणारच. हात लागलाच आहे तर स्प्रिंगही बदलून टाका.

लेथवाला

डोळे उघडून बघू या आधी.

मार्क २ साधं ब्लोबॅक पिस्तूल आहे. बोल्टला कुठलंही कुलूप नाही, फक्त त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग. बार उडाला की वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो तसा पुंगळीलाही मागे ढकलतो, आणि पुंगळीच बोल्टला मागे लोटते. म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणं हे एक्स्ट्रॅक्टरचं मुख्य काम नाहीच. बाहेर येणारी पुंगळी बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवायची आणि डाव्या बाजूच्या इजेक्टरवर (पुंगळीला बाहेर उडवणाऱ्या टोकावर) आपटेपर्यंत सोडायची नाही, एवढंच त्याच्याकडे असतं. न उडालेलं काडतूस हाताने बोल्ट ओढून बाहेर काढताना मात्र सगळी भिस्त त्याच्यावर. अशा पिस्तुलाचा एक्स्ट्रॅक्टर काढून ठेवला तरी बहुतेक पुंगळ्या कशाबशा बाहेर पडतात.

एक्स्ट्रॅक्टर खराब असता तर पुंगळ्या चेंबरबाहेर येऊन खिडकीत (पुंगळी बाहेर पडायच्या फटीत) उभ्या अडकल्या असत्या, किंवा आतल्या आत घरंगळल्या असत्या. तुमची पुंगळी जागची हललेलीच नाही. म्हणजे तिला चेंबरच्या भिंतीने धरून ठेवलंय. एक तर आत काजळीचा थर आहे, नाही तर भिंतीला काहीतरी इजा झाली आहे.

दोन्ही प्रकारच्या काडतुसांत दोष सारखाच, हेही तिकडेच बोट दाखवतं. रायफलच्या नळीतून स्टँडर्डची गोळी साधारण सेकंदाला ३२५ मीटरने जाते, हाय व्हेलॉसिटीची ३८० च्या आसपास. बोल्टला धक्का कमी पडतोय अशी तक्रार असती तर दुसऱ्या काडतुसाने ती बरीच कमी झाली असती.

जास्त ताकदीची स्प्रिंग तर अजिबात नको. स्टँडर्ड काडतुसांवर बोल्ट पुरता मागे जाणार नाही आणि आज नसलेला दोष विकत घेतल्यासारखं होईल.

पितळी ब्रश

लेथवाला +१. "साफ आहे" म्हणजे नेमकं काय साफ केलं? .२२ मध्ये नळी चकचकीत आणि चेंबर घाण हा नेहमीचा प्रकार. गोळीवरचं मेण, शिसं आणि जळकी पूड यांचा थर चेंबरच्या पुढच्या टोकाला, पुंगळीचं तोंड संपतं तिथे, कड्यासारखा बसतो. कापडाचा तुकडा त्याच्यावरून घसरून जातो, थर तसाच राहतो.

मॅगझीन बाहेर. बोल्ट मागे धरून चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीच्या टोकानेही चाचपा. मग पिस्तूल सुटं करा. बोल्ट निघाला की गज मागून सरळ जातो, नळीच्या तोंडाकडून घालायचं कारण नाही. पितळी ब्रशला सॉल्व्हंट लावून चेंबरमध्ये घाला, १० मिनिटं मुरू द्या, मग हातानेच ८-१० वेढे द्या. ड्रिल लावू नका. शेवटी कोरडं कापड. चेंबरमध्ये तेलाचा थेंब राहता कामा नये. तेलावर काजळी दुप्पट चिकटते.

लेथवाला

सफाईच्या आधी एक काम, फुकटचं. वापरलेल्या २० पुंगळ्या गोळा करा आणि भिंगाखाली बघा. नवा भाग मागवायच्या आधी पुंगळी वाचायची.

रिमवर, म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या कडेवर, फायरिंग पिनची खूण दिसेल. पुंगळी अशी धरा की ती खूण घड्याळाच्या १२ वर येईल. आता त्याच रेषेत पुंगळीच्या अंगावर उभा ओरखडा आहे का? रिमपाशी बारीकसा पोचा आहे का? नख फिरवून बघा, डोळ्याला दिसत नाही ते नखाला लागतं.

मॅगझीनच्या ओठांमुळेही (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडांमुळे) ओरखडे पडतात, पण काडतूस मॅगझीनमध्ये कसंही फिरलेलं असतं, त्यामुळे ते कधी ३ वर, कधी ७ वर सापडतील. चेंबरमध्ये बसलेली पुंगळी मात्र फिरत नाही. ओरखडा प्रत्येक वेळी पिनच्या खुणेच्या रेषेतच असेल तर तो चेंबरनेच काढलेला आहे, आणि चेंबरला त्या जागी इजा करणारी वस्तू एकच असते.

दहा मीटर

वाचतोय. माझ्याकडे मार्क १ आहे. हे सगळं त्यालाही लागू का?

लेथवाला

बहुतेक सगळं. मार्क २ चं उत्पादन १९८२ ते २००४. शेवटच्या फैरीनंतर बोल्ट मागे थांबतो, मॅगझीन १० चं. मार्क १ मध्ये बोल्ट थांबत नाही, मॅगझीन ९ चं. बोल्ट आणि पिनची रचना त्याच घराण्यातली.

खालचा खण

२२ पुंगळ्या पाहिल्या. १९ वर उभा ओरखडा, सगळ्यांवर अगदी पिनच्या खुणेच्या रेषेत. रिमपासून सुरू होतो आणि साधारण ३ मिमी पुढे विरून जातो. रिमला लागून टाचणीच्या डोक्याहूनही लहान पोचा, आतल्या बाजूला दबलेला. तीन पुंगळ्या स्वच्छ. पिनची खूणही सारखी नाही. काहींवर खोल, काहींवर उथळ आणि पसरट.

ब्रश फिरवून काळं बरंच निघालं. त्यानंतर ५० फैरी केल्या, दोन पुंगळ्या तरीही अडकल्या.

लेथवाला

मग निदान जवळपास झालं. फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटलेली आहे, आणि एकदोनदा नाही.

.२२ मध्ये बारूद पेटवणारा मसाला रिमच्या पोटात असतो. पिन रिमला चेंबरच्या कडेवर दाबते, हातोडी आणि ऐरणीसारखी. चेंबर रिकामं असताना चाप ओढला आणि पिनला पुढे अडवणारं काही नसेल, तर ती थेट ऐरणीवरच पडते. रुगरची पिन वरच्या बाजूने मारते, म्हणून खळगा १२ वर पडतो. खळग्यातलं लोखंड कुठेतरी जाणारच. ते चेंबरच्या पोकळीत सरकतं आणि तिथे बर (लोखंडाचा बारीक उंचवटा) तयार होते.

आता तुमची दोन्ही लक्षणं एकत्र येतात. न उडालेली पुंगळी जरा बारीक असते, ती बरीवरून घासत आत जाते. बार उडाला की पितळ फुगून बरीभोवती बसतं, म्हणून तुमच्या पुंगळ्यांवर पोचा दिसतो, आणि मागे येताना ते तिथेच अडकतं. दुसरीकडे १२ वरची ऐरण खचलेली असल्यामुळे पिन रिमला नुसतीच वाकवते, मसाला चिरडला जात नाही. काडतूस फिरवलं की त्याचा न वाकलेला भाग पिनखाली येतो आणि ते पेटतं.

खात्री करून घ्या. बोल्ट काढलेला असताना मागून टॉर्च मारा आणि लाकडी टूथपिकचं टोक चेंबरच्या तोंडाच्या कडेवरून गोल फिरवा. १२ वर टिचकन अडकेल. इअरबड फिरवला तर त्याच जागी कापसाचे तंतू ओढले जातील.

आणि मुख्य प्रश्न: बोल्टमध्ये आडवी पिन आहे का?

खालचा खण

आडवी पिन म्हणजे?

लेथवाला

फायरिंग पिन बोल्टच्या वरच्या खाचेत बसते. तिच्या अंगात एक लांबट भोक असतं, आणि त्यातून बोल्टच्या एका कुशीतून दुसऱ्या कुशीत एक छोटी पिन जाते. ती फायरिंग पिनचा पुढचा प्रवास अडवते. ती जागेवर असेल तर मार्क २ वर रिकाम्या चेंबरचा चाप ओढल्याने काही बिघडत नाही. नसेल तर प्रत्येक ओढीला चेंबरच्या कडेवर एक घाव.

गंमत अशी की ही पिन बोल्टमध्ये घट्ट बसवलेली नसते. रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या नळकांड्याच्या) भिंती तिला दोन्हीकडून धरून ठेवतात. बोल्ट बाहेर काढून सॉल्व्हंटमध्ये खळबळला की ती सरकून डब्याच्या तळाशी जाते आणि घाणीबरोबर फेकली जाते. तिच्याशिवाय पिस्तूल जोडलं जातं, चालतं, बारही काढतं. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

खालचा खण

नाही. बोल्टला आरपार भोक आहे, त्यातून पलीकडचा उजेड दिसतो. पिन नाही.

टूथपिकही १२ वर अडकते.

पितळी ब्रश

सापडला चोर. आता चाप ओढणं एकदम बंद, सरावासाठीसुद्धा.

झटपट

मग सोपं आहे. बारीक गोल कानस घ्या किंवा काडीवर पॉलिश पेपर गुंडाळून ड्रिलने फिरवा, पाच मिनिटांत बर जाईल.

लेथवाला

कृपया असलं काही करू नका, आणि ज्यांनी वाचलं त्यांनीही. बर म्हणजे बाहेरून चिकटलेला कण नाही, चेंबरचंच सरकलेलं लोखंड आहे. ते कापून टाकलं तर खळगा भरायला काही उरत नाही. ड्रिलवरचा पेपर चेंबरचं तोंड शिंगासारखं पसरवतो. मग तिथे पुंगळीला भिंतीचा आधार राहत नाही, ती बुडाशी फुगते आणि एखादी फाटते. फाटलेल्या पुंगळीचा वायू मागच्या बाजूला येतो, म्हणजे तुमच्या तोंडाकडे.

यासाठी चेंबर आयर्न नावाचं हत्यार मिळतं. कडक पोलादाचा दांडा, टोकाला थोडा निमुळता, .२२ च्या चेंबरच्या मापाचा. तो काहीही कापत नाही, सरकलेलं लोखंड दाबून मूळ जागी नेतो. इस्त्रीच म्हणा.

पद्धत: नळी-रिसीव्हर मुठीपासून वेगळं, बोल्ट बाहेर. चेंबर कोरडं करून हत्यारावर तेलाचा एकच थेंब. ते मागून हलकेच आत घाला, बरीला टेकेल तिथे थांबेल. मग अंगठ्याने दाब देत १२ च्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं फिरवा, गरगर नाही. पुढे सरकत नसेल तर लहान पितळी हातोडीने टिचकी, घाव नव्हे. दर दोन-तीन टिचक्यांनंतर बाहेर काढून टूथपिकने तपासा. टूथपिक अडकायची थांबली की तुम्हीही थांबा. खळग्याची पुसटशी सावली राहील, तिच्या मागे लागू नका.

नंतर नवं काडतूस चेंबरमध्ये सोडून बघायचं, पण नळी-रिसीव्हर सुटं असतानाच. मूठ आणि घोडा जोडलेले असताना ही चाचणी नको. काडतूस स्वतःच्या वजनाने रिमपर्यंत खाली जायला हवं आणि नळी उलटी केली की बोट न लावता बाहेर पडायला हवं. काही मॅच (स्पर्धेसाठीचे) चेंबर मुद्दाम घट्ट असतात, तिथे गोळी शेवटी जरा अडते. तुमच्या मॉडेलला तसं होऊ नये.

दहा मीटर

खळगा फार खोल असेल तर?

लेथवाला

तर इस्त्रीने भागत नाही. ओळखायचं पुन्हा पुंगळीवरूनच. उडालेल्या पुंगळीवर पिनच्या खुणेखाली पितळ बाहेरच्या बाजूला फुगलेलं दिसलं, तर तिथे आधार उरलेला नाही. फैरी बंद करा आणि परवानाधारक कारागिराकडे द्या. धागाकर्त्यांचा पोचा आत दबलेला आहे, म्हणजे बर आत आलेली आहे. त्या मानाने नशीब चांगलं.

पितळी ब्रश

फायरिंग पिनचं टोकही बघा. ते पेचकसाच्या पात्यासारखं चपटं असतं. लोखंडावर आपटून आपटून त्याला अळंबीसारखी कड आली असेल तर पिन बदला, घासून सारखं करू नका. घासलं की लांबी कमी होते आणि काडतुसं न पेटण्याचा त्रास पुन्हा सुरू. उथळ, पसरट खुणांवरून मला तसाच संशय आहे.

लेथवाला

सहमत. म्हणजे मूळ यादीतली फायरिंग पिन लागणार, बाकी तीन वस्तू कटाप. त्यांच्या जागी मूळ आडवी पिन. खिळा कापून किंवा ड्रिलचा दांडा घालून भागवू नका. मऊ खिळा वाकतो, फायरिंग पिन अडकते आणि पुढे आलेली राहिली तर बोल्ट बंद होतानाच बार उडू शकतो.

दोन्ही बसवल्यावर बोल्ट हातात धरा. त्याच्या तोंडाला रिमच्या जाडीएवढी, म्हणजे साधारण १.१ मिमी खोलीची खोबण असते. तोंडावर पोलादी पट्टीची सरळ कड आडवी ठेवा आणि फायरिंग पिन मागून बोटाने पूर्ण पुढे दाबा. टोक खोबणीच्या आतच राहिलं पाहिजे, पट्टीला लागता कामा नये. पट्टी उचलली गेली तर सगळी इस्त्री फुकट, पुढच्या १०० ओढींत खळगा परत तयार.

खालचा खण

दोन्ही भाग बसवले, चेंबरची इस्त्री झाली. टूथपिक कुठेच अडकत नाही, काडतूस वजनाने जातं आणि पडतं. पट्टी हलत नाही.

पण जोडल्यावर बोल्ट अर्ध्यातच थांबतोय. जोर लावला नाही.

पितळी ब्रश

जोर लावला नाहीत हे उत्तम. या पिस्तुलाच्या जोडणीतली ही बदनाम जागा आहे, पिस्तूल बिघडलेलं नाही.

घोड्याच्या मागे लोंबणारी दांडी मुठीतल्या मेनस्प्रिंगच्या (घोड्याला जोर देणाऱ्या स्प्रिंगच्या) वरच्या वाटीत टेकायला हवी. मूठ बंद करताना ती चुकून मागे किंवा आडवी फसली की घोडा खाली जाऊ शकत नाही आणि बोल्ट त्याच्यावर अडतो. मूठीमागची पट्टी परत उघडा, बोल्ट स्टॉपची (बोल्टला मागे अडवणारी) उभी पिन थोडी खाली घ्या. चेंबर आणि मॅगझीन रिकामं आहे हे पुन्हा बघून चाप दाबून घोडा पुढे पडू द्या. मग नळीचं तोंड वर करा. दांडी आपल्या वजनाने मागे लोंबेल. तशीच धरून पट्टी हळू आत वळवा आणि फटीतून बघा, दांडीचं टोक वाटीत बसताना दिसतं. शेवटच्या भागात स्प्रिंगचा दाब हाताला लागला तर बरोबर. पट्टी अगदी मोकळी, बिनविरोध बंद झाली तर दांडी परत चुकली.

खालचा खण

दुसऱ्या खेपेला बसली. दाब लागतो म्हणजे काय ते आता कळलं.

२०० फैरी, चार वेगवेगळ्या दिवशी ५०-५०. मॅगझीनना १ आणि २ असे नंबर टाकून नोंद ठेवली. चेंबरमध्ये पुंगळी एकदाही अडकली नाही. १० पुंगळ्या भिंगाखाली पाहिल्या, ओरखडा नाही. एकच काडतूस पेटलं नाही, त्यावर पिनची खूण खोल आणि स्वच्छ होती. खिडकीत उभी अडकलेली पुंगळी दोन, दोन्ही वेळा मॅगझीन २.

लेथवाला

खूण खोल असूनही न पेटलेलं काडतूस हा काडतुसाचा दोष, मसाला रिममध्ये सगळीकडे नीट पसरलेला नसतो कधी कधी. असं झालं की नळी निशाण्याकडेच धरून ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. बार उशिरा उडू शकतो.

मॅगझीन २ चे ओठ १ शेजारी ठेवून वरून बघा. एक ओठ जरा उघडा असेल तर वरचं काडतूस बोल्टखालून जास्त वर उचलतं आणि बाहेर पडणाऱ्या पुंगळीला आडवं येतं. पक्कड लावण्याआधी व्हर्नियरने दोन्हींचं अंतर मोजा, फरक मिळाला तरच हात लावा, तोही एका वेळी केसभर.

दहा मीटर

अवांतर: माझ्या मार्क १ चा बोल्ट आत्ताच काढला. आडवी पिन होती, पण बोल्ट तिरका करताच मांडीवर पडली.

पितळी ब्रश

ट्रेमध्ये पांढरं कापड अंथरून त्यावर बोल्ट काढत जा. आणि परत घालताना पिनला बोटावर उरेल एवढं ग्रीस लावा, रिसीव्हरमध्ये सरकवेपर्यंत ती जागेवर चिकटून राहते.